जाधवनं कसलेला बोल्ट

माझी शेवटची पोस्टिंग उत्तरेच्या पहाडात होती. वर्कशॉप कंपनी, ट्रेड व्हेइकल मेकॅनिक, रँक हवालदार. त्याच कंपनीत नाईक परसराम जाधव ड्रायव्हर होता. मीही जाधव. तो घाटंजीकडच्या तांड्यावरचा, मी यवतमाळच्या बौद्ध वस्तीतला. नातंगोतं काही नाही. पण आमचे सुभेदार साहेब दूर दक्षिणेचे, त्यांना सगळे जाधव एकाच आईची लेकरं वाटत. चूक माझी असली की ग्राउंडला चक्कर परसराम मारायचा आणि त्याला मंजूर झालेली सुट्टी माझ्या नावावर चढायची.

सकाळी पीटी, मग गाड्या. ऑइल, पाणी, पट्टे, टायर. परसरामला एक खोड होती. पान्यावर लोखंडी पाइप चढवून तो नट असा कसायचा की दुसऱ्याच्या बापाला निघू नये.

"अबे, आटे मारशीन!" मी ओरडायचो.

"मारले तं तू हायेस ना," तो म्हणायचा.

त्याच्या शेवटच्या सुट्टीत मीही गावी होतो. त्यानं घरच्या जुन्या गाडीचा पट्टा स्वतः बदलला. क्रँकच्या टोकाला पुली असते, तिच्यावरून पट्टे फिरतात आणि एक मोठा बोल्ट ती धरून ठेवतो. तो बोल्ट त्यानं पाइपवर उभं राहून कसला. मी शिव्या दिल्या, तो हसला. आठ दिवसांनी आम्ही दोघं ड्युटीवर परतलो.

त्या दिवशी गाड्यांचा कॉन्व्हॉय सकाळी निघाला. परसरामची गाडी मध्ये होती, बंद पडलेल्या गाड्या ओढणारी माझी रिकव्हरीची गाडी सर्वांत शेवटी. वळणावर पहाड खाली आला. धुळीत पुढचं काही दिसेना. मी फावडं घेऊन धावलो. रेडिओ चालू होता.

"जाधव कहाँ है? ओव्हर."

"जाधव ठीक है. ओव्हर."

मला एवढं हायसं वाटलं की मी फावडं टाकून खालीच बसलो. परसराम वाचला होता. ऑपरेटरनं मला पाहून तो निरोप दिला होता, हे मला बऱ्याच वेळानं कळलं. तोवर तोच निरोप वरपर्यंत गेला होता. गावाकडून परसरामच्या बायकोनं, शेवंता वहिनीनं, फोन केला, तेव्हा तिलाही तेच सांगण्यात आलं. दुपार उतरल्यावर आम्ही त्याला बाहेर काढलं. मग तिला दुसरा फोन गेला.

त्यानंतर मला काही नीट उमजेना. कुणी 'जाधव' म्हणून हाक मारली की ती कुणाला, हेच कळायचं नाही. अंत्यसंस्कारानंतर मी तांड्यावर गेलो नाही. शेवंता वहिनीला काय तोंड दाखवणार? मी निवृत्त झालो, यवतमाळला घरी आलो, तरी गेलो नाही.

गेल्या हिवाळ्यात तिचाच फोन आला. "भाऊ, गाडी तेल टाकून राह्यली. तांड्यावरच्या पोरी मीच शाळेत नेतो. आता त्या घरी बसून राह्यल्या. एकीचा बाप तं तिचं शाळेतलं नाव काढतो म्हन्ते."

"मिस्त्री काय म्हणतो?"

"म्हन्ते, पुलीचा बोल्ट निघत नाही, भंगारात द्या."

दुसऱ्या दिवशी गेलो. पुलीमागचं ऑइल सील, तेल अडवणारी रबरी कडी, गेलं होतं. सील बदलायचं तर पुली काढणं आलं, आणि पुलीच्या आधी तो बोल्ट. मागच्या चाकांना दगड लावले, पुढचं उजवं चाक काढलं, गाडी स्टँडवर घेतली. इंजिन फिरू नये म्हणून टॉप गिअर टाकला आणि वहिनीला ब्रेकवर बसवलं.

"दाबा, वहिनी."

"दाबून राह्यली."

बोल्टावर सॉकेट बसवलं, पान्याला पाइप चढवला. सोडायला डावीकडं. की उजवीकडं? आटे उलटे तर नाहीत? उभा जन्म बोल्ट काढण्यात गेला आणि मी उजवा-डावा विसरून उभा. दोनदा पाइप धरला आणि सोडला. तिसऱ्या वेळी वहिनीनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"भाऊ, तुमी जोरच लावून नाही राह्यले."

"लावतो ना."

"तेच्या हातचा हाये म्हनून?"

तिच्या नवऱ्याच्या हाताचा जोर आता फक्त त्या एका बोल्टात उरला होता, आणि तो मीच सोडवायचा होता.

ती म्हणाली, "तुमी जगले म्हनून म्या लय राग केला तुमचा. खरं सांगतो. पहिल्या फोनवर ठीक हाये म्हनले तवा सगळ्या तांड्यावर साखर वाटली होती म्या." तिनं डोकं आत घेतलं, ब्रेक दाबला. "पन तुमी काय कराल त्याले? लावा जोर. पोरीयची शाळा हाये."

मी पाइप धरून अंगाचा सगळा भार टाकला. कडाक् आवाज झाला.

"सुटला का?" तिनं आतून विचारलं.

आमच्याकडं माणूस गेला की त्यालाही सुटला म्हणतात. माझ्या तोंडून तो शब्द निघेना. मी म्हणालो, "हो, निघाला."

"सुटला म्हना ना, भाऊ."

"सुटला, वहिनी," मी म्हणालो, आणि चाकाशेजारी बसून रडलो. वहिनीही रडली, पण तिनं ब्रेकवरचा पाय काढला नाही.

नवं सील बसवलं. आटे ब्रशनं साफ केले, बोल्ट आधी हातानं फिरवून पाहिला. आटे शाबूत होते. मग टॉर्कचा पाना लावला. हा पाना ठरलेल्या जोरावर कट् वाजतो, त्यापुढं कसायचं नसतं. तो वाजला तिथं मी थांबलो. इंजिन चालू करून बराच वेळ पाहिलं. तेलाचा थेंब नाही.

नाईक परसराम जाधव त्या वळणावर गेला. हवालदार जाधव परत आला. त्या दिवशी पहाडात माझा मित्र मेला होता आणि मी जिवंत होतो, हे मला त्याच्या अंगणात पाना खाली ठेवल्यावर पहिल्यांदा समजलं.