जादूच्या क्लासची पावती

आमच्या गंगाखेडात, किंबहुना सबंध परभणी जिल्ह्यात, शिकण्याचं व्यसन जडलेला माणूस एकच झाला, आणि तो म्हणजे आमचे दाताचे डॉक्टर. बाकीच्यांना सुपारी-तंबाखूचं व्यसन, त्यावर डॉक्टरांचा दवाखाना चालायचा, आणि दवाखान्याची कमाई हैदराबादेतल्या कुठल्या ना कुठल्या क्लासच्या फीत जायची. नव्या पद्धतीची कवळी शिकून आले, दाढेच्या मुळाचं काम शिकून आले, इथपर्यंत ठीक होतं. पण एकदा रेल्वेतून उतरलेला एक तेलुगू प्रवासी गाल धरून दवाखान्यात आला आणि त्याचं बोलणं काही कळेना, तर डॉक्टरांनी तेलुगूचा क्लास लावला. तो प्रवासी पुन्हा कधी आला नाही. डॉक्टर मात्र गाडीच्या वेळेला दाराकडे बघायचे. मग कवळीच्या साच्यावर बोटं बसावीत म्हणून ते कुंभारकाम शिकले. त्यांनी केलेल्या पणत्या दवाखान्याच्या खिडकीत मांडलेल्या असत. प्रत्येक पणती थोडीशी दाढेसारखी दिसायची.

या सगळ्या विद्येचा हिशेब माझ्याकडे असे. मी आयकराची विवरणपत्रं भरून देणारा साधा सल्लागार. माझ्याकडे वकिलीची सनद नाही, तरी गाव मला वकीलसाहेबच म्हणतं. दर मार्च संपला की डॉक्टर कापडी पिशवीतून पावत्या घेऊन यायचे आणि आमचं भांडण सुरू व्हायचं. नियम असा की, स्वतःचा दवाखाना चालवणाऱ्यानं आहे त्याच कामात हात सुधारावा म्हणून शिक्षण घेतलं, तर तो खर्च उत्पन्नातून वजा करता येतो. नवाच धंदा उघडायला किंवा हौस म्हणून शिकला, तर नाही. म्हणून मी प्रत्येक पावतीवर बोट ठेवून विचारायचो, "हे शिकून दाताचं काम सुधारतं का?" त्यावर डॉक्टर खुर्ची पुढं ओढून असे काही सांगत सुटायचे की बाहेर बसलेले शेतकरी आपली कामं विसरून दारात येऊन उभे राहायचे. कुंभारकाम मी मान्य केलं. तेलुगूही केलं, कारण जेवायची वेळ टळून गेली होती.

शेवटी कंटाळून मी म्हणालो, "डॉक्टर, सरकारनं तुमच्यासारख्यांसाठी सोपी सोय केली आहे. आलेल्या पैशातला निम्मा नफा धरायचा आणि त्यावर कर भरून मोकळं व्हायचं. पावत्या नकोत, भांडण नको. तुमचा खर्च काही निम्म्याइतका होत नाही, म्हणजे फायदाच आहे."

डॉक्टरांचा चेहरा पडला. "आणि मी वर्षभर काय शिकलो, ते कुठं लिहायचं?"

"कुठंच नाही. तीच तर सोय आहे."

"मग नको. कर जाऊ द्या जास्तीचा. माझं शिकणं माझ्या कामात धरलं गेलं पाहिजे, वकीलसाहेब."

जास्त कर भरायला भांडणारा हा माझ्या आयुष्यातला पहिला आणि शेवटचा माणूस. हे नीट लिहून ठेवणं भाग आहे, कारण तालुक्यात आजही त्यांच्याबद्दल उलटंच बोललं जातं, आणि ते बोलणं माझ्या तोंडून सुरू झालं.

झालं असं की एका वर्षी त्यांनी जादूच्या क्लासची पावती आणली. मी बोट ठेवून विचारायच्या आधीच त्यांनी माझ्या चष्म्याच्या डबीतून रुपया काढून दाखवला. मी हसलो आणि पावतीवर आडवी रेघ मारली. "ही हौस झाली, डॉक्टर." ते समजावत राहिले, मी ऐकलंच नाही. संध्याकाळी बसस्टँडसमोर चहा पिताना मी गंमत म्हणून सांगितलं, "आपले डॉक्टर कर गायब करायला जादू शिकून आलेत." गंमत पार शेजारच्या पालम तालुक्यापर्यंत गेली. लोक खुर्चीत बसता बसता म्हणू लागले, "डागदर, आमचं कर्जबी गायब करा की!" डॉक्टर हसायचे. पण पुढच्या मार्चनंतर ते आले तेव्हा हातात पिशवी नव्हती. "निम्म्यावर धरा," एवढंच म्हणाले आणि चहासुद्धा न घेता गेले. त्या वर्षी त्यांचं विवरणपत्र चटकन भरून झालं. इतकं सोपं काम मला कधी जड गेलं नव्हतं.

पुढं माझीच दाढ ठणकायला लागली. दवाखान्यात गेलो तर खुर्चीत पालमकडची एक आजीबाई पदरानं तोंड गच्च दाबून बसलेली. लेक समजावत होता, "माय, डागदरला बघू तरी दे." पदराआडून उत्तर आलं, "मी न्हाई उघडायची तोंड. लय दुखतंय. चल घरी!" लेकानं कपाळाला हात लावला. डॉक्टर घाईत नव्हते. त्यांनी बाईच्या कानामागं हात नेला आणि तिथून अख्खी सुपारी काढून तिच्यासमोर धरली.

"माय, ही इथं लपवून ठिवली व्हय?"

"आगं माय!" म्हणून बाईनं जो आ वासला, तेवढ्यात डॉक्टरांचा छोटा आरसा आत जाऊन दाढ बघूनसुद्धा आला. मग दोघंही असे हसत सुटले की ती पुढं आपणहून तोंड उघडून बसली. दुसऱ्या कानामागंही सुपारी आहे का, एवढंच तिनं विचारून घेतलं.

मी बाकड्यावर दाढ धरून बसलो होतो. जादूनं दाताचं काम सुधारतं का, याचं उत्तर समोर हसत होतं. माझी पाळी आली तेव्हा म्हणालो, "डॉक्टर, ती पावती द्या. दुरुस्त विवरणपत्र भरतो."

"मुदत गेली, वकीलसाहेब. मुदत गेली की देवाचंही चालत नाही, असं तुम्हीच सांगता ना? आ करा."

तिथं झाली नाही ती नोंद इथं करतो: आमच्या डॉक्टरांनी जादू दातासाठीच शिकली.

आता त्यांचा हात थरथरतो म्हणून दवाखाना बंद आहे. व्यवसायच नाही, तर वजावट कुठली? तरीही यंदा मार्च संपल्यावर ते पिशवी घेऊन आले. आत पेटीच्या क्लासची पावती. मी सवयीनं बोट ठेवलं, "हे शिकून दाताचं काम सुधारतं का?" डॉक्टरांनी माझ्या कानामागं थरथरता हात नेला आणि सुपारी काढली. सुपारी घरंगळत टेबलाखाली गेली, तरी मी आ वासलाच. माझ्या तोंडात तपासायला आता एकही दात उरलेला नाही. डॉक्टरांनी वाकून, चष्मा सावरून, अगदी नीट बघितलं. मी पावती फायलीला लावली.