बोटीवर कळवायचं नाही

आमच्या घरात एक नियम आहे. माणूस बोटीवर असताना त्याला वाईट बातमी द्यायची नाही. नियम सासूबाईंचा. सासरेही बोटीवर इंजिनिअर होते. घरी पोर तापाने फणफणलंय हे त्यांना कळलं आणि त्याच आठवड्यात त्यांचा हात यंत्रात सापडला. आता तापाचा आणि यंत्राचा काय संबंध? पण हे सासूबाईंना सांगणार कोण!

लेक झाली तेव्हा नवरा इथेच, सिंगापुरात, सेरंगूनच्या फ्लॅटवर होता. तिचा गाल कसा स्वच्छ. तो बोटीवर गेला आणि थोड्याच दिवसांत तिच्या डाव्या गालावर लाल ठिपका उठला. मला वाटलं, डास चावला असेल. ठिपक्याची बघता बघता गाठ झाली, पिकल्या टोमॅटोच्या फोडीसारखी लालभडक. डॉक्टर म्हणाले, रक्तवाहिन्यांची गाठ आहे, आधी वाढते, मग वर्षानुवर्षं हळूहळू ओसरते. औषध सुरू झालं. लिफ्टमधल्या आंटी विचारायच्या, "अय्यो, पडली का? कोणी मारलं?" एकदा मी भडकून म्हटलं, "हो, मीच मारते रोज!" मग घरी येऊन रडले.

नवऱ्याचा व्हिडिओ कॉल आला की सासूबाई बाळाची मान वळवून धरायच्या. "उजवा गाल पुढे कर गं सोन्या." तो बिचारा उजवा गाल बघून खूश. सुट्टीवर आला, बॅग दारातच ठेवली, तिला उचललं आणि डाव्या गालावरून बोट फिरवलं. ओरडला असता तर मीही चार शब्द ऐकवले असते. तो नुसतं म्हणाला, "मला सांगायचंस ना." बरं, आता त्याला ठाऊक झालं, तरी नियम काही सुटला नाही, कॉलवर उजवाच गाल. सासूबाईंचं म्हणणं, रोज रोज बघून तो तिथे झुरेल.

लेक चारेक वर्षांची होईपर्यंत गाठ ओसरली, पण मागे सैल, सुरकुतलेली कातडी राहिली. ती कापून शिवायची, बारीक रेघ राहील, असं सर्जन म्हणाले. शाळा सुरू व्हायच्या आत उरकायचं होतं. नाहीतर वर्गातली पोरं काय काय म्हणतील या विचाराने माझी झोप उडाली होती. नवऱ्याच्या सुट्टीत तारीख धरली, तर त्याच्या जागी येणारा माणूस आजारी पडला आणि हा बोटीवरच अडकला. पुढची तारीख मिळत होती ती शाळा सुरू झाल्यावरची. सासूबाई म्हणाल्या, "करून टाकू. झालं की सांगू त्याला." या वेळी मला वाद घालायचंही त्राण नव्हतं.

ऑपरेशनच्या खोलीत तिला माझ्या मांडीवरच मास्क लावला. ती माझं बोट घट्ट धरून होती आणि एकदम पकड सुटली. हातातलं पोर असं अचानक जड होतं ना, ते कुठल्याही आईच्या वाट्याला येऊ नये. मी बाहेर आले तर सासूबाईंच्या हातात फोन, समोर नवरा. "झोपलीय रे ती," त्या सांगत होत्या. खोटं तरी कसं म्हणायचं? मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

पट्टी निघाली. गालावर एक गुलाबी रेघ, बस्स. त्या संध्याकाळी मी नवऱ्याला सगळं सांगून टाकलं. मागे इंजिनाची घरघर तेवढी ऐकू येत होती. मग तो म्हणाला, "दाखव तिला."

मी फोन लेकीसमोर धरला. तिने लगेच मान वळवली आणि उजवा गाल पुढे केला.

"अगं राजा, तो नाही, हा दाखव. बरा झाला ना आता?"

"नो लाह, आई," ती म्हणाली. "बाबा बोटीवर आहे. बोटीवर नाही दाखवायचं."

मी तिच्या हनुवटीला हात लावला. तिने मान ताठ केली. माझ्यामागे सासूबाई पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. पडद्यावर नवरा त्या उजव्या गालाकडे बघत राहिला, पहिल्यापासून जसा होता तशाच त्या गालाकडे.

"छान झालाय हं गाल," तो म्हणाला.