इटली पाहिलेल्या माणसाबरोबर ओंकारेश्वर

लढाई संपली आणि माझा मोठा भाऊ इटलीहून आमच्या धाड गावी परत आला. तो पलटणीत लॉरी चालवायचा. जाताना आमच्यासारखाच साधा माणूस होता. येताना प्रवासतज्ज्ञ होऊन आला. इटलीत रजेवर असताना तो बोटीत बसून समुद्रातलं एक बेट पाहून आला होता, आणि आठवडी बाजाराला येणाऱ्या प्रत्येकाला ते बेट ऐकावं लागत होतं. तिथली लिंबं तान्ह्या पोराच्या डोक्याएवढी. तिथलं पाणी नीळ घातल्यासारखं. ऐकणारे माना डोलवायचे, कारण लिंबू मोजायला इटलीला कोण जाणार?

मी तेव्हा गावच्या शाळेत नुकताच मास्तर झालो होतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत माय म्हणाली, "मले ओंकारेश्वरले न्या रे कोनी." ओंकारेश्वर नर्मदेतल्या बेटावर. बेट हा शब्द ऐकताच दादा उठून बसला.

"बेटावर जाचं म्हंजे आधी प्लॅन पाहिजे," तो म्हणाला.

माय म्हणाली, "मागच्या साली शेजारीन जाऊन आली. तिनं काई पिलान केला नाई. गाडीत बसली अन् गेली."

"म्हनूनच ती फसली असंन."

"फसली नाई. परसाद घेऊन आली."

दादाने एका जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर नकाशा काढला. धाडहून बुलढाणा, तिथून सर्व्हिस मोटारने मलकापूर, मग आगगाडी, भुसावळला बदल, खांडव्याला बदल, शेवटी सात मैल बैलगाडी आणि नाव. नर्मदा त्याने इतकी रुंद काढली होती, की पलीकडे इटली असावी. पंधरा दिवस तो नकाशा भिंतीवर होता. बाबांनी तो एकदा नीट पाहिला आणि "मले वावरात लय काम आहे," असं जाहीर केलं. उन्हाळ्यात वावरात काय काम असतं हे कोणी विचारलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी दादाने आम्हाला दोन नियम पाठ करायला लावले. पहिला: पहिल्या नावेत बसायचं नाही, कारण नवख्या माणसाला लुटायला पहिली नाव टपलेली असते. दुसरा: जो दारात उभा राहून बोलावतो, त्याच्याकडे जेवायचं नाही. "जिथं गावचे लोक जेवतात तिथंच जेवाचं. हे मले इटलीत समजलं."

मायने दशम्या बांधल्या. दादाला ते गावंढळ वाटलं. तरी खांडव्याच्या फलाटावर चारातल्या तीन त्यानेच खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही घाटावर पोचलो. समोर बेट, वर देवळाचं शिखर, मधे हिरवं पाणी. हाक मारली तर पलीकडून ओ यावी एवढंच अंतर. नावाडी ओरडत होते, "चलो, चलो, माँजी आओ!" मायने लुगड्याचा ओचा सावरला आणि एक पाय नावेत ठेवला.

"माय! पहिली नाव आहे थे!"

मायने पाय काढला. ती नाव गेली. मग दुसरी आली, तर तिच्यात माणसं जास्त. तिसरीचा नावाडी फार गोड बोलत होता, म्हणजे नक्की लबाड. चौथीचा बोलतच नव्हता, म्हणजे त्याहून लबाड. तासाभरात आमच्या डोळ्यांदेखत खांडव्यापासून सोबत असलेली सगळी माणसं पलीकडे जाऊन, अंघोळ करून, दर्शनाला लागली. आम्ही अलीकडे उभं राहून न फसण्याचं सुख घेत होतो.

"मले भूक लागली," माय म्हणाली.

घाटावर पाच-सहा खानावळी होत्या. प्रत्येकीच्या दारात एकेक माणूस गरम पुऱ्यांच्या नावाने बोलावत होता आणि वासावरून तरी खोटं बोलत नव्हता. दादा मान ताठ करून त्यांच्यासमोरून गेला. आम्ही मागे. गावचे लोक जेवतात ती जागा आम्ही गल्ल्या-गल्ल्यांतून शोधली. पण गावचे लोक, गावचे लोक असल्यामुळे, आपापल्या घरी जेवत होते.

ऊन डोक्यावर आलं. तेवढ्यात एका घरासमोर मांडव दिसला. खाली पंगत बसलेली, पत्रावळींवर पुरी, भाजी, खीर. दारात कोणी बोलावत नव्हतं. सगळे खाली मान घालून मुकाट्याने जेवत होते.

"पाह्य," दादा माझ्या कानात म्हणाला. "याले म्हनतात खरी जागा."

आम्ही बसलो. कोणी काही विचारलं नाही. पत्रावळी आल्या, पुऱ्या आल्या. दादाने खीर दोनदा घेतली आणि आम्हाला ऐकू येईल इतक्या मोठ्याने म्हणाला, "घाटावर हे भेटलं असतं का बे?"

हात धुतल्यावर त्याने वाढणाऱ्या तरुणाला बोलावलं. "भैया, थाली का क्या भाव?"

तरुण नुसता पाहत राहिला. दादाला ही युक्ती ओळखीची वाटली. "परदेसी समझ के जादा मत लगाना," तो म्हणाला.

मायने त्याचा सदरा मागून ओढला. "अरे, त्याचं डोक्शं पाह्य."

तरुणाचं डोकं नुकतंच तासलेलं होतं. मग मला कोपऱ्यातल्या पाटावरचा हार घातलेला जुना फेटा दिसला, आणि आतल्या दारापाशी पांढऱ्या लुगड्यात बसलेली म्हातारी. आम्ही कोणाच्या तरी तेराव्याला जेवलो होतो, आणि दादा भाव करत होता.

दादाचा चेहरा पडला. इतक्या वर्षांत मी त्याला असा पाहिला नव्हता. त्याने हात जोडले. हिंदी, मराठी, इटालियन, काहीच कामाला आलं नाही. माय उठली, सरळ आत गेली आणि त्या म्हातारीजवळ खाली बसली. तिने काय सांगितलं मला ऐकू आलं नाही. म्हातारीने डोळे पुसले आणि मधेच तिला हसू आलं. मग तिने मुलाला हाक मारली. आम्ही उपाशी होतो, वाट चुकून आलो, आणि तेराव्याला आलेला पाहुणा असा जाऊ देत नाहीत, असं काहीसं ती त्याला म्हणाली.

गेलेला म्हातारा नावाडी होता. मुलगाही नावाडीच. "चलो, मैं छोड़ देता हूँ," तो म्हणाला. त्या दिवशी घाटावर आलेली ती कितवी नाव होती, हे दादाने विचारलं नाही.

नाव मधोमध आल्यावर माय म्हणाली, "तुह्या इटलीचं पानी असंच होतं का रे?"

दादा म्हणाला, "माय, मी त्या बेटावर गेलोच नाही."

"मंग?"

"आमी चौघं होतो. ते तिघं पहिल्या बोटीत बसले. मी म्हटलं, हे लुटतात, मी दुसरीनं येतो. मंग वारं सुटलं अन् बोटी बंद झाल्या. दिवसभर धक्क्यावरच्या एका हॉटेलात बसलो. दारातूनच बोलावलं होतं त्यानं. बसाचेही पैसे घेतले. संध्याकाळी वारं पडलं तवा ते तिघं आले अन् त्यायनं सारं सांगतलं."

"अन् लिंबं?"

"त्यायनंच सांगतली."

माझ्या तोंडाशी चांगल्या दहा-बारा गोष्टी आल्या होत्या. मायने माझ्याकडे असं पाहिलं की मी त्या गिळल्या. ती एवढंच म्हणाली, "दुरून दिसत तं असंन ना थे बेट?"

"हाव. दिसत होतं."

"मंग झालं."

आम्ही अंघोळी केल्या, दर्शन घेतलं, बेटाला पायी प्रदक्षिणा घातली. मायचं गाठोडं सगळ्या वाटेने दादाने उचललं आणि कुठे वळायचं ते तिला विचारत राहिला. परतताना माय पुन्हा त्या घरी गेली आणि म्हातारीच्या ओट्यावर बसली. एकीची वऱ्हाडी, दुसरीची निमाडी. तरी दोघींचं बोलणं संपेना. गाडीवान ओरडायला लागला, तसा दादा तिला बोलवायला निघाला. ओट्यापर्यंत गेला आणि तिथेच पायरीवर ऐकत बसला.