मामाच्या गाडीचा फ्यूज

घाई मला नव्हती मामा. पोरांना होती. तुला होती.

आज वर्ष झालं तुला जाऊन आणि मी अजून तेच भांडतोय.
"तुला धीर नाय रे गोट्या." आठवीत शाळा सोडली तेव्हा तू हेच म्हणालास. दोहाला निघालो तेव्हापण हेच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहितो. माझा मामा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात इलेक्ट्रिशियन होता. जन्मभर कोळशाच्या मालगाड्या बघितल्या. रिटायर झाला आणि नाशिकरोडच्या घरात, माडीवरच्या खोलीत, तीच लाईन छोटी करून बांधायला बसला.

चौदा फूट प्लायवूडचं टेबल. थर्माकोलचे डोंगर, त्यातून बोगदा.
डब्यांत खरा कोळसा, खलबत्त्यात कुटलेला.
खलबत्ता मामीचा. त्यावरून आठ दिवस अबोला.

"सगळी पेन्शन रुळावर घाला तुम्ही," मामी म्हणायची.
"दारूत घालत नाय ना," मामा.

पण गाडी बोगद्यात शिरली की अधूनमधून फ्यूज उडायचा. टेबलाखाली कुठंतरी वायर शॉर्ट होती. मामा रोज उताणा पडून शोधायचा. सापडत नव्हती.

दरवेळी नवीन बारीक तार घालायचा. मी म्हणायचो, जाड घाल ना एकदाची, कटकट मिटेल.

असा बघायचा माझ्याकडं.
"फ्यूज जळतो म्हणून घर जळत नाय. ती तार बारीक असती ती त्याच्यासाठीच."

मग खंडेनवमी आली.

मामानं पक्कड, टेस्टर, स्क्रू ड्रायव्हर, फ्यूज तारेचं रीळ, सगळं पाटावर मांडलं. हळदकुंकू, झेंडूची फुलं. त्या दिवशी हत्याराला आराम, उचलायचं नाही. हा नियम त्यानं नोकरीत असतानापण पाळला.

गल्लीतली पोरं गाडी बघायला आली होती. दोन फेऱ्या झाल्या आणि फ्यूज उडाला.

"आता परवा या," मामा म्हणाला. "आज पूजा, उद्या दसरा."
पोरं हलेनात. मामाचं तोंड एवढंसं झालं. पेढे आणतो म्हणून खाली गेला.

मी पाटाला हात लावला नाही. कोपऱ्यात भंगार केबल पडली होती. तिची जाड तांब्याची तार दातानं सोलली, बोटानं पिळली, फ्यूजमध्ये घातली.
हत्यार लागलंच नाही.

मामा वर आला तर गाडी पळत होती.
"कशी काय चालू झाली?"
"फ्यूज सैल होता. दाबला."

म्हटलं, परवा सांगू. परवा माझं विमान होतं.

महिन्यानं तुझा फोन. "गोट्या, खंडेनवमी पावली बघ. एकदाबी फ्यूज उडला नाय."
मी हसलो.

नंतर एकदा म्हणालास, "बोगद्यापाशी थर्माकोल पिवळा पडलाय. ऊन लागत आसंल."
त्या कोपऱ्यात ऊन येत नाही मामा. मला माहीत होतं.

नंतर, "वास येतो रे कसला तरी. मामी म्हणती उंदीर मेलाय."

त्या दिवशी अगदी तोंडावर आलं होतं. इथं दोहात कामावर रोज सकाळी सेफ्टीवाला असलंच सांगतो, करंट, वायर, आग. पण तुला सांगितलं असतं तर परत तेच ऐकावं लागलं असतं, तुला धीर नाय. म्हटलं सुट्टीला जाईन, गुपचूप बदलीन.

सुट्टी मे महिन्यात होती. तू फेब्रुवारीत गेलास.

दुपारची वेळ. मामी खाली गहू निवडत होती. वास आला तर तिला वाटलं, बाहेर कोणी कचरा पेटवलाय. ती गहू निवडत राहिली.

थर्माकोलचा धूर माणसाला उठू देत नाही. मामा टेबलाखाली सापडला. हातात टेस्टर होता.

वायरमन आला, बोर्ड उघडला. म्हणाला, सगळं जळालं, फ्यूज तेवढा शाबूत. एवढी जाड तार कोणी घातली?
मामी म्हणाली, "यांच्याशिवाय बोर्डाला कोण हात लावतं."

दहाव्याला पाहुणे बोलले ते माझ्यापर्यंत आलं. जन्मभर इलेक्ट्रिशियन, आणि घरात असली वायरिंग. म्हातारपणी खेळण्यापायी गेला.
वर्षभर हेच ऐकतोय. एकाला तर मी "हो ना" पण म्हणालो.

मामाला वायरिंगमधलं सगळं कळत होतं. ती तार मी घातली.

मामी, तुला सांगायला तीनदा फोन लावला आणि जेवलीस का विचारून ठेवून दिला. मामाचं नाव चारचौघांत गेलं, म्हणून चारचौघांतच लिहितोय. आता शिव्या दे, नाहीतर बोलू नको.

मामा, रामराम. घाई मलाच होती.

मामी, खालच्या खोल्यांची वायरिंग अजून तीच आहे. सगळी काढून टाक, नवीन करून घे, फ्यूजच्या जागी एमसीबी बसव. पैसे परत पाठवलेस तरी मी पुन्हा पाठवीन.
आज बावीस हजार पाचशे पाठवलेत.