पाय धुणाऱ्यांची मंडळी

मी निघाले त्या दिवशी बाबांनी माग बंद ठेवले होते. इचलकरंजीत आमच्या गल्लीत सकाळी माग बंद म्हणजे वीज तरी गेली असणार, नाहीतर माणूस तरी. त्यामुळे शेजारचे चौकशीला आले आणि ‘थोरली जर्मनीला चाललीय’ एवढंच निघाल्यावर जरा हिरमुसून परत गेले. माझी बॅग सुताच्या गाठी तोलायच्या काट्यावर चढवली होती. “तेवीस किलो म्हणजे तेवीस. वर सुताचा एक कोनसुद्धा नाही,” असं म्हणत बाबांनी मेतकुटाची पिशवी काढून आईच्या हातात परत दिली. ती पिशवी मला थेट फ्रँकफुर्टला सापडली, माझ्या पर्समध्ये.

रिक्षा वळली आणि मागे मागांचा खडखडाट सुरू झाला. बाबांना रडायला आवाज लागायचा, हे मला फार वर्षांनी कळलं.

तुम्ही इचलकरंजीतली भावंडं, आणि आता इकडे जर्मनीत आखनला शिकायला आलेली आपली सई, सगळे मला एकच विचारता: एवढ्या मोठ्या जर्मनीत तू नेमकी त्या खेड्यात कशी अडकलीस? खरं सांगायचं तर जेवायला म्हणून गेले होते.

कार्ल्सरूहेच्या विद्यापीठात मथियास माझ्याच प्रयोगशाळेत होता. एका रविवारी म्हणाला, चल, माझं गाव दाखवतो. पाऊण तासावर टेकड्यांच्या खोबणीत ते गाव धुक्यात असं बसलेलं होतं, की कुणी आठवलं तरच दिसेल. गावाबाहेर सफरचंदाच्या झाडांत एक लांबट, बुटकी इमारत. ना मनोरा, ना घंटा, दारसुद्धा रस्त्याकडे पाठ करून. मला तो गोठा वाटला. “गाई कुठे आहेत?” मी विचारलं. “आत आहेत. गाणं म्हणतायत,” मथियास म्हणाला.

आत खरंच गाणं चाललं होतं. पेटी नाही, ऑर्गन नाही, नुसते गळे, चार वेगवेगळ्या सुरांचे, आणि सगळे इतक्या हळू, की जणू घरात कोणी झोपलंय. मी जन्मभर मागांच्या आवाजात ओरडून बोललेली बाई. त्या दिवशी पहिल्यांदा मला माझ्याच घशाची लाज वाटली, आणि डोळे कधी भरून आले ते समजलं नाही. पुढे जे झालं ते सगळं त्या गाण्यामुळे. मथियासला वाटतं, त्याच्यामुळे.

ती मेनोनाइट लोकांची गेमाइंडे, म्हणजे मंडळी. ख्रिश्चनांतली ही एक जुनी, छोटी शाखा. तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा द्यायचा नाही, माणसाने कळता झाल्यावर स्वतः मागायचा. शपथ घ्यायची नाही. हत्यार उचलायचं नाही. एवढ्यासाठी कैक पिढ्यांपूर्वी यांना स्वित्झर्लंडमधून हाकललं. इथे तेव्हा तीस वर्षं चाललेल्या युद्धाने रानं ओसाड पडलेली. इथला जमीनदार म्हणाला, या, नांगर धरा, पण मनोरा बांधायचा नाही, घंटा वाजवायची नाही आणि तुमचं गाणं रस्त्यावर ऐकू येता कामा नये. ती अट उठली त्यालाही आता कितीतरी काळ लोटला. गाणं मात्र अजून हळूच आहे.

मथियासच्या आईचं नाव हिल्डे. “मला हिल्डेच म्हण,” पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं. सासूला नावाने हाक? मी तीन वर्षं त्यांना कुठलीच हाक मारली नाही. जाऊन समोर उभी राहायचे, त्या बघेपर्यंत. मुलगी झाली तेव्हा सुटले. त्या ओमा झाल्या, म्हणजे आजी, आणि मग ‘अहो-जाहो’ही हळूहळू गळून पडलं.

आमचं लग्न तुम्ही पाहिलंयच, पण सईसाठी सांगते. परात मांडली, बाबांनी रीतीप्रमाणे जावयाचे पाय धुतले, पुसले. आणि जावई पाटावरून उठला, बाबांच्या हातातला तांब्या घेतला, गुडघ्यावर बसला आणि बाबांचा पाय धरून परातीत ओढायला लागला.

“अहो जावईबापू! सोडा, सोडा!” बाबा एका पायावर.

“अगं बाई, उलटं झालं की गं सगळं!” आत्या.

भटजींनी मंत्र थांबवला. मथियास शांतपणे इंग्रजीत म्हणाला, “आता यांनी बसायचं.” त्याच्या मंडळीत ही वर्षातून एकदा होणारी उपासना. येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून ईस्टरआधीच्या गुरुवारी, बायका एका खोलीत आणि पुरुष दुसऱ्या, जोडीजोडीने एकमेकांचे पाय धुतात. धुऊन घेऊन नुसतं उठून जाणं म्हणजे समोरच्याचा अपमान. शेवटी बाबा बसले. पुढे ते असेपर्यंत गिऱ्हाइकांना सांगायचे, “आमचा जावई पाया पडत नाही, पाय धुतो.”

बापाने एवढा धीर दाखवला, पण लेकीला जमलं नाही. ‘मोठ्या माणसाने आपल्या पायाला हात लावला की आपलं आयुष्य कमी होतं गं,’ हे आईचं वाक्य माझ्या डोक्यात पक्कं. म्हणून दर वर्षी त्या गुरुवारी मी प्रार्थनाघराच्या स्वयंपाकघरात पळायचे, कॉफी करायला. बावीस वर्षांत मी लागेल त्याच्या दुप्पट कॉफी केली. कोणी एका शब्दाने विचारलं नाही. या लोकांत आग्रह नाहीच. बाप्तिस्म्यालासुद्धा माणूस आपणहून येईपर्यंत थांबतात. कधी कधी दोन पिढ्या.

या वर्षी मंडळी अकरा जणांवर आली आणि ठरलं की आता शहरातल्या मोठ्या मंडळीत सामील व्हायचं, प्रार्थनाघर विकायचं. शेवटची उपासना त्या गुरुवारचीच. त्या दिवशी वाचायला मंडळीचा चार पानांचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी बाहेरची, म्हणून निःपक्षपाती. शुद्धलेखन मथियास तपासणार.

मंडळीची जुनी वही उघडली तर तिच्यात घडलेलं काहीच नाही. लोक आले, लोक गेले. अमुक कुटुंब अमेरिकेला गेलं. तमुकही गेलं. बैलगाड्या धुक्यात निघाल्यात आणि मागे राहिलेले हळू आवाजात गातायत, असं पानापानाला वाटायचं. वाचता वाचता मला त्या गाड्यांच्या मागून एक रिक्षाही जाताना दिसायची.

“हे काय, सगळे जाणारेच!” मी ओमाला म्हणाले. ती ओट्याशी शतावरीचे कोंब सोलत होती. पंच्याऐंशी वर्षांची, पण हात सुरीहून चपळ.

“गेनाऊ, अगदी बरोबर,” ती म्हणाली. “जाणाऱ्यांनाच ही मंडळी सापडते. आणि हेही लिही, की आमची पोरं शेवटी बंदुका घेऊन युद्धावर गेली. चांगलं चांगलंच लिहू नकोस.”

मी लिहिलं. मग सहज म्हणून, म्हणजे अजिबात सहज नाही, विचारलं, “गुरुवारी तुझ्या जोडीला कोण?”

ओमाच्या जोडीला कायम हन्ना असायची, शेजारच्या शेतावरची. दोघींचा बाप्तिस्मा एकाच वर्षीचा. यंदाच्या हिवाळ्यात हन्ना वारली.

ओमाने सुरी ठेवली. “महायुद्ध संपता संपता आम्ही पूर्वेकडून पळून आलो तेव्हा मी पाच वर्षांची. घोडा वाटेत मेला, मग चालत. डाव्या पायाची दोन बोटं गारठून काळी पडली. कापली.”

मी तिच्या पायांकडे बघितलं. उन्हाळ्यातही जाड तपकिरी मोजे. बावीस वर्षं मला वाटत होतं, जुन्या बायकांची रीत.

“तिकडे पूर्वेला आमच्यात ही पाय धुण्याची पद्धत नव्हती. बाप्तिस्मा घेतला, आणि पहिल्या गुरुवारी मी काय केलं असेल?”

“काय?”

“स्वयंपाकघरात पळाले. कॉफी करायला.”

मी शतावरीची सालं गोळा करायला लागले. सालांना काही घाई नव्हती, मला होती.

“हन्ना मागून आली, तसराळं घेऊन. दार लावलं आणि म्हणाली, आपण इथेच धुऊ. तेव्हापासून आमचं दोघींचं तिथल्या ओट्यापाशीच. तू आलीस तेव्हापासून मात्र स्वयंपाकघर रिकामं मिळेना. मग आम्ही जळणाच्या खोलीत.”

“ओमा! सांगायचं तरी!”

“तुझी कॉफी चांगली असते,” ती म्हणाली. “माझा पाय हन्नाने पाहिलाय. नवऱ्यानेही पाहिला होता, पण चष्मा काढल्यावर त्याला काही दिसायचं नाही. आता दुसऱ्या कोणाला नाही दाखवणार. गुरुवारी बसेन बाकावर. गाणं तर ऐकता येईल.”

‘तू ये’ असं ती म्हणाली नाही.

गुरुवारी सकाळी सफरचंदांना मोहर होता आणि धुकं त्यातच अडकलेलं, त्यामुळे झाडं कुठे संपतात ते कळत नव्हतं. शहरातल्या मंडळीच्या चार-पाच जणी आल्या होत्या. मी माझा इतिहास वाचला. माझ्याच नकळत हळू आवाजात. मग पुरुष पलीकडच्या खोलीत गेले, बायकांनी जोड्या केल्या, पाण्याचा आवाज यायला लागला. ओमा बाकावर, बूट घातलेले, हात मांडीवर, सगळ्यांकडे बघून हसत होती. जवळजवळ आयुष्यभर इथे होती, आणि शेवटच्या दिवशी पाहुण्यासारखी बसली होती.

मी सवयीने स्वयंपाकघरात गेले. कॉफीचा डबा उघडला. तिचे पाय धुणं मला जड नव्हतं. सासूच्या पायाला हात लावायला मराठी बाईला कोणी शिकवावं लागत नाही. पण इथे अर्धा व्यवहार चालत नाही. मग तिने खाली बसायचं, पंच्याऐंशीच्या गुडघ्यांनी, आणि मी खुर्चीवर. आई, कमी होऊ दे थोडं आयुष्य, असं मी मनात म्हटलं आणि डब्याला झाकण लावलं.

कोमट पाण्याचं तसराळं घेऊन तिच्यासमोर उभी राहिले. पूर्वीसारखीच, ती बघेपर्यंत.

“इथे, की आत?” मी विचारलं.

तिने आजूबाजूला पाहिलं. सगळ्या जणी आपापल्या पाण्यात वाकलेल्या. “इथेच,” ती म्हणाली आणि मोजा खाली सरकवायला लागली.

पाऊल हलकं होतं, पाखरासारखं. बोटांच्या जागी गुळगुळीत, गुलाबी कातडी. मी सावकाश धुतलं, पुसलं. मग ती उठली आणि खुर्चीवर हात आपटला: बस. स्वतः बुटक्या स्टुलावर टेकली, माझे पाय मांडीवर घेतले, आणि टाचा पाहून थबकली.

“आल्झो! एवढ्या भेगा? एवढी शेती तर मीही नाही केली.”

मी हसले आणि हसता हसता रडले, आणि बाबांसारखा आवाज लपवायला माझ्याकडे माग नव्हते. पलीकडून पुरुषांचं गाणं येत होतं, हळू.

प्रार्थनाघर आता विकलं जाईल. एका जोडप्याला तिथे राहायचंय, ते दार रस्त्याकडे काढणार आहेत म्हणे. काढू दे. तुमचं घर कुठलं, असं कोणी विचारलं की मी पूर्वी दोन गावं सांगायचे आणि मधे ‘मूळचं’ हा शब्द पाचरीसारखा ठोकायचे. आता जरा थांबते. घाई होत नाही.

परवा दुपारी ऊन चांगलं होतं. ओमा आणि मी परसातल्या बाकावर मटार सोलत बसलो होतो, दोघी अनवाणी, पाय उन्हात पसरून. माझी लेक आतून आली, आमच्या पायांकडे बघून जर्मनमध्ये किंचाळली, “ईगिट! शी, तुमचे पाय!” आणि आत पळाली.

ओमाने मटाराची शेंग हातात तशीच धरून दोघींची बोटं मोजली. “आठ आणि दहा,” ती म्हणाली. “अठरा. पुरेत.”