पायघोळ वीर

बाळांनो, तुम्ही जपानहून पाठवलेला फोटो काल पाहिला. पंखांसारखे ताठ खांदे, जमिनीवर लोळणारी विजार, कमरेला तलवार. खाली तुम्ही लिहिलंय, ‘आजी, सामुराय किती शूर ना!’ हा गैरसमज फार दिवस राहू नये, म्हणून आजच लिहायला बसले.

त्या सामुरायांच्या कितीतरी पिढ्यांनी लढाई पाहिलीच नाही. दरबारात पायांपेक्षा हातभर लांब विजार घालावी लागे, म्हणजे कुणी कुणावर धावून जाऊ नये. शूरांचे पाय असे बांधले आणि ते त्यालाच इभ्रत म्हणत राहिले. असलाच एक वीर आपल्या दिग्रसच्या घरात होता. माझे मोठे दीर.

जन्मभर कचेरीत फायली हलवल्या. दसऱ्याला मात्र जरीचा पायघोळ अंगरखा, शेला आणि म्यानात गंजून बसलेली तलवार. ते शीव ओलांडून सोनं घेऊन परतेपर्यंत घरातल्या कुणी गावाबाहेर पाऊल टाकायचं नाही, हा त्यांचा नियम.

कापसाची ती वाईट वर्षं. जिनिंगचे कारखाने बंद पडत होते, घरोघरी कापूस भावाची वाट बघत पडलेला. अशात तुमच्या आईला नागपूरच्या बँकेत नोकरी लागली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हजर झाली नाही, तर जागा दुसरीला जाणार होती. दसऱ्याच्या संध्याकाळी, नागपूरला जायला धरायची यवतमाळची शेवटची बस सुटायची वेळ झाली आणि दीर आरशापुढे! त्या वर्षी त्यांनी अंगरख्याचा घोळ आणखी वीतभर वाढवून घेतला होता.

“मोठेबाबा, बस जाईन नं माही!”

“कायले घाई करून राह्यली? तलवारीच्या आधी आपल्या घरचं कोनी शीव वलांडत नाही.”

“मंग तुमीच पटपट चाला नं. संगच जाऊ.”

“या अंगरख्यात पटपट चालतात काय?”

मी तिची बॅग उचलली आणि अंगणात उतरले. आम्हाला अडवायला दीर तरातरा आले, स्वतःच्याच घोळावर पाय पडला आणि मटकन खाली बसले. पोरगी माघारी वळली. “लागलं काय, मोठेबाबा?”

“त्यांना उचलायला घर भरलंय. तू चल,” मी म्हटलं.

बस मिळाली. सकाळी ती बँकेत वेळेवर हजर झाली. दीर महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. तेवढंच घर शांत.

आपल्या घरच्या मुली अजूनही दसऱ्याला, काम असेल तर, कुणाची वाट न बघता निघतात.