सत्तर टक्के लखमी

आमचे जुने सहकारी भेटले की कोणीतरी हळूच म्हणतं, "ते मॉडेल आठवतं का?" आणि मग चहा गार होतो. हे किस्से आम्ही काही हौसेने जमवले नाहीत. २०१४ ते २०१९ डहाणूत नोकरी केली, तेवढ्यात ते आपोआप साचले, डोक्याला तापही तेवढाच झाला.

आमचं ऑफिस मसोलीला, हार्डवेअरच्या दुकानावर. काम सांगायला अगदी सोपं. एकाच माणसाची एक नोंद दवाखान्यात असते, दुसरी शाळेत, तिसरी रेशनला. या नोंदी एकाच माणसाच्या आहेत का, हे कॉम्प्युटरने ठरवायचं. याला म्हणतात लिंकेज मॉडेल. आरोग्यवाल्यांना ते हवं होतं, शिक्षणवाल्यांना हवं होतं, मासेमारीचा अभ्यास करणाऱ्यांनाही हवं होतं. मॉडेल मात्र सगळ्यांना एकच, समीर सरांचं. सर पुण्याहून यायचे. माणूस हुशार, सभ्य, पण मॉडेलला कोणी काही बोललेलं खपायचं नाही.

बाकीच्यांचं चुकलं तर फक्त रिपोर्ट चुकायचा. आरोग्याचं चुकलं तर तलासरीच्या पाड्यांवर सिकलसेल असलेल्या मुलांच्या रोजच्या गोळ्या चुकणार होत्या, कारण प्रोजेक्टची गोळ्यांची पाकिटं मॉडेलने जुळवलेल्या नावांवरच निघायची. हे मी पहिल्याच मीटिंगला बोलले. सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि मग वडापाव आले.

*

मॉडेल कधीच "हो" किंवा "नाही" म्हणायचं नाही. ते टक्के सांगायचं. एकदा सर स्वतः फील्डवर आले. आशागडच्या पुढे एका घरी लखमीबाई भात निवडत बसली होती. सरांनी टॅबमध्ये बघून प्रामाणिकपणे सांगितलं, "तुम्ही सत्तर टक्के लखमी आहात."

बाईने सूप खाली ठेवलं. दारात बसलेला तिचा नवरा शांतपणे म्हणाला, "तरीच. बाकीची तीस टक्के म्हायेरी असते."

*

मासेमारीवाल्यांची तऱ्हा आणखी वेगळी. बंदरावर उतरलेली मासळी आणि बाजारात विकलेली मासळी, दोन्ही त्यांना एकाच घराशी जोडायची होती. बंदरावर नोंद नवऱ्याची. बायको त्यातले बोंबील सुकवणार आणि आतल्या गावांत जाऊन भाताच्या बदल्यात देणार. बाजारात तिची नोंद होणार कशी? मॉडेलने निष्कर्ष काढला की वाढवणचं असं एक कुटुंब पकडलेली सगळी मासळी घरीच खातं.

सरांनी हे त्या घरच्या हिराबाईंना त्यांच्याच ओट्यावर वाचून दाखवलं. मी मध्ये पडायला बघत होते, पण उशीर झाला होता. हिराबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "अरे पोरा, बोटभर बोंबील ऱ्हाला असता ना घरात, तरी मी तुला जेवून जा म्हटलं असतं."

रिपोर्टमध्ये मॉडेलचं ते वाक्य तसंच राहिलं. आता म्हणे त्याचा संदर्भही कोणीतरी दिलाय.

*

शिक्षणवाले सुखात असतील असं वाटलं होतं. इथली पुष्कळ कुटुंबं दिवाळीनंतर कामाला गुजरातेत जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. एक मुलगा दिवाळीपर्यंत इथल्या शाळेत, मग तिकडच्या. मॉडेलला ही दोन मुलं वाटली. एकाने दिवाळीत शाळा सोडलेली, दुसऱ्याने उन्हाळ्यात.

इथल्या गुरुजींना सरांनी गळतीचं कारण विचारलं. गुरुजी आधीच वैतागलेले, त्यात उकाडा. म्हणाले, "एक पोरगं मराठीत शिकतंय, गुजरातीतही शिकतंय. आणि तुमच्या हिशेबाने दोन पोरं घरी बसलीत."

*

इथे काही घरांत दोघं एकत्र राहू लागतात, संसार होतो, मुलं होतात, आणि लग्न मागाहून सवडीने लागतं. त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. मॉडेलला वाटलं. लग्नाच्या आधीचं मूल म्हणजे चुकीची नोंद, असा नियमच होता. सगळी थोरली मुलं आयांपासून तोडून टाकली.

मी भांडले तेव्हा सर म्हणाले, "नियम सगळीकडे चालतो." मी त्यांना एका घरी घेऊन गेले. त्यांनी आईला फार संकोचत विचारलं, की ही मोठी मुलगी नक्की तुमचीच ना? आई बोलायच्या आत मुलगीच म्हणाली, "आईच्या लग्नात सगळ्यात जास्त मीच नाचलेली."

परतताना सरांनी जीपमध्येच लॅपटॉप उघडला. मला वाटलं, आता तरी मॉडेल सुधारेल. नियम बदलला, पण फक्त तेवढाच.

*

आणि मग जानकी. तलासरीकडच्या पाड्यावरची. तिच्या जुळ्या मुली, दोघींनाही सिकलसेल. एका थंडीत तिथल्या नर्सताईंचा फोन आला, की जानकीकडे या वेळी एकच पाकीट आलंय.

मी गेले तेव्हा जानकी चुलीपाशी बसून विळीवर गोळीचे दोन तुकडे करत होती. अर्धी एकीला, अर्धी दुसरीला. एकीचे हातपाय दुखायला लागले होते, ती गोधडीत पडून होती. माझं डोकं फिरलं. तिथूनच सरांना फोन लावला.

"बाप एक, आई एक, जन्मतारीख एक, पाडा एक," सर म्हणाले. "ती एकच मुलगी आहे. डुप्लिकेट काढलंय आपण."

"सर, जुळ्या आहेत. नावं वेगळी आहेत."

"लोक दोन-दोन नावं लावतात, म्हणून नावाला आपण वजन कमी दिलंय. पुढच्या अपडेटला बघू."

मी गावातल्या मेडिकलमधून गोळ्या घेऊन जानकीला दिल्या आणि म्हटलं, सर आले की ऑफिसला ये.

ती आली. दोन्ही मुलींना एकाच कापडाचे फ्रॉक, केसांना तेल. सरांच्या टेबलासमोर तिने दोघींना शेजारी शेजारी उभं केलं. सरांनी स्क्रीनकडे बघितलं, मुलींकडे बघितलं, परत स्क्रीनकडे बघितलं. आणि अगदी मनापासून विचारलं, "यातली नोंद असलेली कोणती?"

जानकी म्हणाली, "तुमीच सांगा साहेब. जी नाय, तिला इथंच ठेवून जाते."